खान्देशातली जुनी ‘जनता’: चकचकीत नको, मळकीच घ्या

अजिंठा बघून जळगावला परतणारे बहुतेक जण पायथ्याला विकायला असलेले स्फटिकाचे दगड घेऊन येतात. त्याऐवजी जळगाव, धुळे, भुसावळच्या जुन्या बाजारपेठेतल्या घड्याळवाल्याच्या काउंटरवर एचएमटी कंपनीचं चावी देऊन चालणारं जुनं मनगटी घड्याळ, ‘जनता’ मिळालं, तर तेच घ्यावं. एचएमटीने सिटिझन या जपानी घड्याळ कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला कारखाना काढला. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. अशा काउंटरवर मिळतं ते बहुतेक जुनंच.

जनताच्या मशीनचा नंबर ०२३१: १७ ज्युवेल्स (चक्रांची टोकं जिथे फिरतात तिथले घासरोधक खडे), तासाला १८,००० ठोके. एचएमटीच्याच ‘पायलट’ मॉडेलमध्येही हेच असल्याने एकीचे पार्ट दुसरीला बसतात, आणि दुरुस्ती स्वस्तात होते ती यामुळेच.

फसगत होते डायलमध्ये. कोरं पांढरं किंवा भडक निळं-केशरी डायल बहुधा नव्याने रंगवलेलं असतं. आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) लावून अक्षरं बघा. कडा फुटलेल्या असतील, मिनिटाच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नसतील, तर ठेवून द्या. कडेला पिवळं पडलेलं ओरिजनल डायल कधीही सरस. झाकण उघडायला सांगा. ‘उघडलं की बिघडतं’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. आत गंज, खरवडलेले स्क्रू किंवा डायल गोंदाने चिकटवलेलं दिसलं, तर भाव कितीही पाडला तरी सौदा महाग.

‘चावी जास्त दिली म्हणून बंद पडलं’ हे सगळीकडे ऐकू येतं. चावी घट्ट झाली म्हणजे स्प्रिंग पूर्ण भरली, एवढंच. तरी चालत नसेल, तर बहुधा तेल सुकलंय. इकडचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, धूळ आणि जिनिंगजवळच्या गावांत उडणारी रुई, यांत जुनं तेल चिकट होऊन बसतं. अशा वेळी वरून तेलाचा थेंब सोडणारा कारागीर टाळा. घाण तशीच राहते आणि तेल हेअर स्प्रिंगवर (वेग ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर) गेलं की वेटोळी चिकटतात. मग घड्याळ दिवसात कित्येक मिनिटं पुढे पळतं. चुंबकाचा परिणाम झाला तरी असंच होतं, म्हणून आधी डीमॅग्नेटाइज करून (चुंबकत्व काढून) बघायला सांगा.

नीट सर्व्हिसिंग म्हणजे स्प्रिंगचा ताण सोडून मशीन पूर्ण खोलणं, पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुणं, ज्युवेल्सची भोकं टोकदार काडीने साफ करणं. चक्रांच्या टोकांना पातळ तेल, चावीच्या भागाला घट्ट, आणि पॅलेटच्या (चक्राला ठोक्याठोक्याने अडवून सोडणाऱ्या काट्याच्या) आसाच्या टोकांना तेल अजिबात नाही. ‘पॅलेटला तेल देता का?’ असं विचारून बघा. उत्तरातून माणूस कळतो. (पॅलेटवर बसवलेल्या खड्यांना मात्र किंचित लागतं, हे सांगणारा पक्का.)

काच प्लास्टिकची असते. चरे टूथपेस्टने घासून जातात, तडा गेला तर बदला. घड्याळाची केस (बाहेरची डबी) पितळेची, वर क्रोम. पट्ट्याच्या कानांजवळ पितळ उघडं पडलेलं असतं. ते तसंच राहू द्या, बफिंगने कडा गोल होतात आणि घड्याळाची रया जाते.

गाडी दुसऱ्या दिवशीची असेल, तर पैसे देण्याआधी घड्याळ एक रात्र डायल वर ठेवून चालवा, मग काही तास चावी खाली करून. रोज अर्ध्या मिनिटाचा फरक या वयाला माफ आहे. दोन्ही स्थितींत बराच फरक आला, तर बहुधा बॅलन्सचा (मागेपुढे डोलणाऱ्या चक्राचा) आस झिजलाय. तो बदलायचा खर्च धरूनच भाव करा.