बोटात घालायचा डिजिटल जप काउंटर: नोकरी, अभ्यास आणि नामस्मरण तिन्ही सांभाळणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

हातात माळ असताना हा काउंटर कशाला, असं बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. वस्तू एकदम साधी आहे. अंगठीसारखा पट्टा, वर छोटीशी स्क्रीन, त्यावर पाच आकडे, मोजायचं एक मोठं बटण आणि बाजूला शून्यावर आणायचं बारीक बटण, आत घड्याळात असतो तसला सेल. ब्लूटूथ नाही, नोटिफिकेशन नाही, काही नाही, आणि मला तर हेच सगळ्यात जास्त आवडलं, कारण मोबाईलवर जपाचं ॲप उघडलं की वरून मेसेज येतो, तो बघायला जातो आणि पाच मिनिटांनी आपण कुठल्या तरी व्हिडिओत असतो. पट्टा मागेपुढे करता येतो, तर्जनीत घातला की अंगठा न बघता बरोबर बटणावर जातो. क्लिकचा आवाज मात्र येतो हं, शांत खोलीत शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल इतपत.

आता मुद्द्याचं. मी नोकरी करते, संध्याकाळी एक ऑनलाइन कोर्स चालू आहे आणि रोजचा जप मला सोडायचा नाहीये. माळ घेतली की मेरुमणीपर्यंत जायचंच हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, मधेच उठलं की दिवसभर रुखरुख. काउंटरचं तसं नाही. उठायचं, बाजूला ठेवायचा, परत आलं की आकडा आहे तिथेच. ऐकायला छोटी गोष्ट वाटते पण माझ्यासाठी हिने खूप फरक पडला. एकदा सकाळी जपाला बसले होते, स्क्रीनवर 432 होते म्हणजे चार माळा झालेल्या, आणि फोन आला की तासाभरात मुलाखत देऊ शकाल का, आधी ठरलेली व्यक्ती आयत्या वेळी येत नाहीये. काउंटर ड्रॉवरमध्ये ठेवला, कागद काढले, लॅपटॉप लावला आणि मुलाखत दिली. रात्री परत बसले तेव्हा स्क्रीन आपोआप बंद झालेली होती, बटण दाबलं तर 432 तसेच, तिथून पुढे चालू. अपराधी वगैरे काहीच वाटलं नाही, उलट त्या रात्रीचा जप फार छान झाला.

हे एवढं का सांगतेय, तर मी दोन्ही टोकाची माणसं जवळून बघितली आहेत. काहींची श्रद्धा अगदी खरी असते, पण चांगली संधी दारात आली की "देवाच्या मनात असेल तर परत येईल" म्हणत बसून राहतात, अर्जाची शेवटची तारीख निघून जाते आणि मग नशिबाला बोल लावतात. आणि काही जण बढती मिळाली की पहिली काट देवपूजेवरच मारतात, रिटायर झाल्यावर बघू म्हणतात. मला दोघांचंही वाईट वाटतं, मनापासून. देवानेच बुद्धी दिली आणि देवानेच दार उघडलं असं जर आपण मानतो, तर त्या दारातून आत जाणं भक्तीच्या आड कसं येईल?

रामानुजन यांचंच बघा. घरच्या कुलदेवतेवर, नामगिरी देवीवर अपार श्रद्धा, आपलं गणित तिच्या कृपेने सुचतं असं ते सांगायचे. 1913 मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं आणि बोलावणं आलं तेव्हा समुद्र ओलांडायचा नाही या धर्माच्या बंधनामुळे आधी नकार दिला. पण 1914 मध्ये गेलेच, केंब्रिजला स्वतःच्या हाताने शाकाहारी स्वयंपाक करून राहिले आणि 1918 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. देवी सुटली नाही, संधीही सुटली नाही.

दुसरं उदाहरण मला त्याहून जास्त भिडतं. स्कॉटलंडचा एरिक लिडल, 1924 चं पॅरिस ऑलिंपिक. 100 मीटर ही त्याची हातखंडा शर्यत, पण तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या आणि रविवार त्याच्यासाठी देवाचा दिवस, म्हणून धावणार नाही म्हणाला. लोकांना एवढाच भाग माहीत असतो. खरी गंमत पुढे आहे, वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळलेलं होतं आणि ते महिने त्याने 400 मीटरच्या तयारीत घातले, मग त्यात सुवर्णपदक मिळवलं तेही 47.6 सेकंदांच्या विश्वविक्रमासह. म्हणजे कॅलेंडर हातात घेऊन आधीच ठरवलं की काय हलवायचं नाही आणि कुठे जीव तोडून मेहनत करायची.

काउंटरने मला हेच करायला लावलं, वेळ मोजायला. एका छोट्या नामाला साधारण तीन सेकंद धरले तर 108 ला साडेपाच मिनिटं लागतात आणि अकरा माळांना जवळजवळ एक तास. हा हिशोब समोर आला की "पूजेमुळे अभ्यासाला वेळच मिळत नाही" हे म्हणता येत नाही, आणि "अभ्यासामुळे पूजेला वेळ नाही" हेही नाही. सकाळचा एक तास देवाचा, रात्रीचे दोन तास कोर्सचे, मधल्या प्रवासात उरलेला जप. कुठल्याही धर्माच्या माणसाला हे जमण्यासारखं आहे, तसबीहवर, म्हणजे मुस्लिमांच्या जपमाळेवर, 33 मोजणाऱ्यालाही आणि 108 मोजणाऱ्यालाही, मशीनला काय, ते एकेकच मोजतं.

आता तक्रारी, आणि त्या बारीक नाहीत.

पहिली म्हणजे रीसेटचं बटण वर उचललेलं आहे. पर्समध्ये टाकला, किल्ल्यांना घासला आणि झालं शून्य. असं व्हायला लागल्यापासून प्रवासातून उतरताना आकडा वहीत लिहिते, नाहीतर माझ्यासारखीचा जीव वर-खाली होतो. सेल बदलला तरी आकडा जातो, तेव्हा तो आधी टिपून ठेवा. दुसरी, पाचच आकडे असल्यामुळे 99999 च्या पुढे स्क्रीन परत शून्यावर येते, म्हणजे कुणी एक लाखाचा संकल्प केला असेल तर नेमका तो लाखच दिसत नाही! शिवाय माळा वेगळ्या दाखवत नाही, 108 ने भागाकार आपणच करायचा.

तिसरी गोष्ट मशीनची चूक म्हणता येणार नाही पण सांगायलाच हवी. थोड्या दिवसांनी अंगठ्याला सवय होते, तो आपला दाबत राहतो आणि मन ऑफिसच्या मेलमध्ये. आकडा वाढतो, नाम होत नाही. मण्याला जो स्पर्श असतो तो प्लास्टिकच्या बटणाला नाही, मणी सरकला की मनही थोडं जागं होतं. त्यामुळे सकाळी निवांत बसता येतं तेव्हा मी अजूनही माळच घेते, आणि ज्या दिवशी घाई असते किंवा बाहेर असते तेव्हा काउंटर. ज्यांना आकड्यांचा फारच नाद आहे, कालच्यापेक्षा आज जास्त झालेच पाहिजेत असं ज्यांना होतं, त्यांनी हा न घेतलेला बरा. बोटांच्या पेरांवर मोजा, एका हाताची बारा पेरं, नऊ वेळा फिरलात की 108, सेलही लागत नाही.

ज्यांची शिफ्ट बदलत असते, परीक्षेची तयारी चालू आहे, घरात लहान मूल आहे, ज्यांना केव्हाही उठावं लागतं, त्यांनी मात्र जरूर घ्या. पाचपैकी चार स्टार. उरलेला एक त्या रीसेट बटणासाठी कापलाय, ते आत खोलगट बसवा आणि टाचणीने दाबायचं करा, एवढी विनंती बनवणाऱ्यांपर्यंत कुणीतरी पोचवा.