पोकोनोमधला ज्यू समर कॅम्प आणि फॅमिली कॅम्प: आमचा अनुभव

ओव्हरनाइट ज्यू कॅम्पची फी आठवड्याला हजार डॉलरच्या वर सहज जाते, त्यात लेक कधी आमच्याशिवाय राहिलेली नाही, म्हणून आधी त्याच कॅम्पचा वीकेंडचा फॅमिली कॅम्प सगळ्यांनी मिळून केला आणि मग उन्हाळ्यात तिला एकटीला पाठवलं. कॅम्प अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या पोकोनो डोंगरात आहे, तळं, लाकडी केबिन, गागा बॉल या चेंडूच्या खेळाचा पिट, सगळं आहे, पण हे सगळं इतर कॅम्पमध्येही मिळतं. पैसे वसूल होतात ते शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी.

शुक्रवारी दुपारी केबिनची सफाई. दारावर कामांचा गोल तक्ता असतो, तो फिरवला की आज झाडू कोणाचा, बाथरूम कोणाचं ते ठरतं, आणि घरी स्वतःचं ताट न उचलणारी आमची लेक पलंगाखालून ओले मोजे ओढून काढत होती. मग आंघोळीला रांग, पांढरे कपडे, आणि अख्खा कॅम्प गात गात तळ्याकाठी. प्रार्थना मुलंच चालवतात, अडखळली तर बाजूची मुलं सूर धरतात, कोणी मोठा मध्ये पडत नाही. शनिवारी रात्री तीन तारे दिसले की शब्बाथला निरोप द्यायला लाइट बंद, सगळे गोल उभे, पीळ घातलेली मेणबत्ती, मसाल्याची डबी हातोहात फिरते, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव आलं की आम्हा बेने इस्राएल लोकांना, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंना, भरून येतंच, मला तर डोळे पुसावे लागले.

तिशा बाव, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विनाशाचा शोक करायचा उपवासाचा दिवस, पण कॅम्पमध्येच आला. तो नेमका शाळेच्या सुट्टीत येत असल्यामुळे बऱ्याच मुलांना त्याची फारशी माहितीच नसते. इथे संध्याकाळी सगळे जमिनीवर बसले, टॉर्चच्या उजेडात एखा, म्हणजे बायबलमधली विलापगीतं, वाचलं, दुसऱ्या दिवशी पोहणं बंद. लेक घरी येऊन हेच जास्त सांगत होती.

"इंडियन आणि ज्यू? कसं काय?" हा प्रश्न तिला आलाच. तिच्या मद्रिखाने, म्हणजे केबिनच्या ताईने, तो उडवून नाही लावला, एका रात्री झोपायच्या आधी तिलाच सगळं सांगायला बसवलं. ह्यासाठी त्या ताईला मनापासून फुल मार्क्स.

जेवण ठीकठाक. कोशर, म्हणजे ज्यू खाण्याच्या नियमांप्रमाणे चालणारं, किचन चोख, मीट आणि डेअरीची भांडी वेगळी, पण पास्ता, पिझ्झा, चिकन हेच फिरून फिरून, भाज्या कमी. फोन बंदी मला पटते, ई-मेल फक्त आपण पाठवायचा, उत्तर कागदावर येतं, चालेल. पण लेकीचा कान पोहून पोहून दुखायला लागला, इन्फेक्शनचं औषधही सुरू झालं आणि आम्हाला फोन दुसऱ्या दिवशी, हे अजिबात चालणार नाही. ऑफिसला तसं स्पष्ट सांगितलंय. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी, मूल आजारी पडलं तर कॅम्प कधी फोन करणार, हे ऑफिसकडून आधीच लिहून घ्या.

फीबद्दल वाईट वाटतं ते यासाठी की असे बरेच कॅम्प मुळात गरीब मुलांसाठी निघाले होते. न्यूयॉर्क राज्यात कोल्ड स्प्रिंगचा सरप्राइज लेक कॅम्प १९०२ चा, न्यूयॉर्क शहरातल्या लोअर ईस्ट साइड वस्तीतल्या कोंदट खोल्यांमधल्या मुलांना मोकळी हवा मिळावी म्हणून काढलेला. आज दोन पगारांच्या घरालाही हिशोब मांडावा लागतो.

तरी पहिल्यांदा जाणाऱ्या मुलांसाठी फाउंडेशन फॉर ज्यूइश कॅम्पची वन हॅपी कॅम्पर ग्रँट आहे, १००० डॉलरपर्यंत मिळू शकते, अटी प्रत्येक भागात वेगळ्या असतात त्यामुळे पैसे भरायच्या आधी त्यांच्या साइटवर बघा, आणि कॅम्पच्या ऑफिसला स्कॉलरशिपचं वेगळं विचारा, ते आपणहून सांगत नाहीत. मूल फार लहान असेल तर आधी फॅमिली कॅम्पच करा, केबिन, तळं, ताई-दादा सगळं ओळखीचं होतं आणि एकटं जायच्या दिवशी बसमध्ये चढताना रडारड होत नाही, आमच्याकडे तरी नाही झाली.