कंबर सांभाळून व्यायाम शिकायचाय: क्लिनिक की व्हिडिओ कॉल?

कंबरेच्या एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी सरकलीय, सुरुवातीची कळ ओसरलीय आणि डॉक्टरांनी ‘आता फिजिओ सुरू करा’ म्हणून सांगितलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही केलंय: आधी घराजवळचं क्लिनिक, नंतर एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे व्हिडिओ कॉलवर.

पहिली तपासणी क्लिनिकमध्येच करून घ्यावी. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलून बघणं, पायाच्या अंगठ्यातला जोर बघणं, कुठे बधिर आहे ते चाचपणं, हे फोनवरून होत नाही. नुकतंच ऑपरेशन झालं असेल तरी तिथेच जावं. लघवीवरचा ताबा सुटला किंवा पायातलं बळ जातंय असं वाटलं, तर फिजिओ राहू द्या, थेट हॉस्पिटल गाठा.

क्लिनिकमध्ये हाताने दुरुस्त करतात, हा मोठाच फायदा. पाठीवर दोन बोटं टेकवली की नेमकं कुठे वाकतोय ते पटकन उमगतं.

पण मला खटकलं ते वेगळंच. गेल्यावर आधी शेक, मग कंबरेला पॅड चिकटवून आयएफटी, म्हणजे विजेचा सौम्य प्रवाह, मग ट्रॅक्शन, म्हणजे कंबरेला ताण देणं. बहुतेक वेळ यातच जायचा. शेवटी पडद्यापलीकडे व्यायाम, तोही ‘दहा-दहा करा, मी आलेच’ असं सांगून ज्युनिअर मुलगी पुढच्या पेशंटकडे. आज एक, उद्या दुसरी. एक म्हणायची पोट आत ओढा, दुसरी म्हणायची पोट सैल ठेवा. मुली मेहनती होत्या, पण एकेकीकडे तीन-तीन पेशंट. शेकाने बरं वाटायचं, नाही असं नाही. मात्र ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या कंबरदुखीवरच्या मार्गदर्शिकेत आयएफटी, अल्ट्रासाउंडचा (ध्वनिलहरींचा) उपचार, ट्रॅक्शन देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय, आणि व्यायाम करायला सांगितलंय. तोच व्यायाम बघायला कुणी थांबत नाही, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

व्हिडिओवर मशीन नसतं, त्यामुळे मॅडमना माझ्याकडे बघण्याशिवाय दुसरं कामच नसायचं. कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकणं, म्हणजे हिप हिंज, मी तिथे शिकलो. झाडूचा दांडा पाठीवर उभा धरायचा. डोक्याची मागची बाजू, खांद्यांमधली पाठ आणि माकडहाड, तिन्हीकडे तो टेकलेला राहिला पाहिजे. ‘काका, खाली सुटला बघा दांडा. गुडघे जरा सैल सोडा आणि बूड मागच्या भिंतीकडे न्या.’ असं प्रत्येक वेळी, जिथल्या तिथे.

एकदा त्यांनी फोन घेऊन बाथरूमपाशी जायला सांगितलं. बादली कोपऱ्यातल्या नळाखाली, म्हणजे उचलताना मी वाकतोय आणि शिवाय कंबरही पिळतोय, हे त्यांना तिथे दिसलं. आता बादली अर्धीच भरतो, पायाने समोर ओढून घेतो आणि मगच उचलतो. सकाळी बादली उचलताना यायची ती कळ माझ्यापुरती तरी थांबली. क्लिनिकमध्ये माझी बादली कुणाला दिसणार होती?

अडचणी आहेतच. नेट अडकतं. फोन कंबरेच्या उंचीवर, बाजूने पूर्ण अंग दिसेल असा ठेवावा लागतो आणि सैल सदरा चालत नाही. कुणी हात लावून दाखवल्याशिवाय ज्यांना हालचाल समजत नाही, त्यांना क्लिनिकच बरं पडेल. चांगलं क्लिनिक मिळालं तर माझं म्हणणं लागूही पडणार नाही कदाचित.

तरी कळ ओसरलेली असेल आणि तपासणी झालेली असेल, तर माझा कल व्हिडिओकडे. काहीही निवडलंत तरी पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: अर्ध्या तासातला किती वेळ व्यायामाला, आणि बघणारं माणूस दर वेळी तेच असणार का?