सेप्पुकूवरचं काय आधी पाहावं? कोबायाशी, मीके, मिशिमा, मिझोगुची आणि दोन ‘शोगुन’

‘फलंदाजांची हाराकिरी’ हा मथळा मराठी वर्तमानपत्रांत इतका रुळलाय की हाराकिरी म्हणजे आततायीपणाने स्वतःच्या हाताने केलेला घात, असंच आपल्या डोक्यात बसलंय. जपानमधला मूळ विधी याच्या अगदी उलट होता. तो म्हणजे सामुराई योद्ध्याने स्वतःचं पोट चिरून जीव देणं. जपानीत लिहिताना चित्रलिपीतली चिन्हं तीच दोन, फक्त क्रम उलटा: बोलण्यात ‘हाराकिरी’, औपचारिक भाषेत ‘सेप्पुकू’. त्यासाठी वरिष्ठांची आज्ञा किंवा परवानगी लागे. जागा, पांढरी वस्त्रं, समोर बसणारे साक्षीदार, सगळं ठरलेलं असे. मागे तलवार घेऊन ‘काइशाकु’ उभा राही, एका घावात यातना संपवणं हे त्याचं काम. झाल्या प्रकाराची दप्तरात नोंद होई. शिक्षा म्हणून हा प्रकार १८७३ साली कायद्याने बंद झाला.

म्हणून या विषयावरचं काही निवडताना रक्त किती दिसतं, हा प्रश्न दुय्यम ठेवा. परवानगी देणारा, मागे उभा राहणारा आणि नोंद लिहिणारा, या तिघांकडे कॅमेरा किती वेळ बघतो ते पाहा. चांगल्या आणि नुसत्या देखण्या कलाकृतीतला फरक तिथे कळतो.

सुरुवात मासाकी कोबायाशीच्या १९६२ च्या ‘हाराकिरी’पासून करा. कृष्णधवल, १३३ मिनिटं. काळ १६३०. लढाया थांबल्यात, घराणी बरखास्त होतायत आणि हजारो सामुराई बेकार होऊन एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, भटकतायत. त्यांतलाच एक, हानशिरो त्सुगुमो, ई घराण्याच्या वाड्यावर येतो आणि तुमच्या अंगणात सेप्पुकू करू द्या म्हणतो. वाड्याच्या कारभाऱ्याला वाटतं, हा तसाच आणखी एक. मरायची भाषा करायची आणि चार पैसे किंवा नोकरी पदरात पाडून घ्यायची. म्हणून तो मागच्याच एका तरुणाचं, मोतोमेचं, काय झालं ते हानशिरोला ऐकवतो.

मोतोमेचा प्रसंग पहिल्या अर्ध्या तासाच्या आसपास येतो आणि तो सगळ्यांत जड आहे. पोटासाठी त्याने खरी पाती विकलेली असतात, म्यानात बांबूचं पातं असतं. वाड्यातल्यांना ते ठाऊक आहे, तरी त्याच पात्याने विधी पार पाडायची सक्ती ते करतात. इथे कॅमेरा जखमेवर रेंगाळत नाही. तो काइशाकुच्या थंड आवाजावर आणि रांगेत बसलेल्या बघ्यांवर राहतो. तेव्हा विधी बराचसा उपचारापुरता उरलेला असतो, पण ‘आम्ही जुन्या शुद्ध पद्धतीनेच करतो’ असा या वाड्याचा आग्रह. शुद्धतेच्या नावाखाली चाललेलं क्रौर्य इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रसंग या विषयावरच्या सिनेमात नाही.

पुढचा बराचसा सिनेमा म्हणजे पांढऱ्या बैठकीवर बसून बोलणारा हानशिरो. काइशाकु म्हणून तो एकेका सामुराईचं नाव घेतो आणि तिघेही नेमके ‘आजारी’ निघतात. तिथून उलगडत जाणारी गोष्ट इथे सांगत नाही. एवढंच लक्षात ठेवा: सिनेमा वाड्याच्या रोजनिशीने उघडतो आणि रोजनिशीनेच मिटतो. शेवटची नोंद ऐकताना, आपण डोळ्यांनी काय पाहिलं आणि कागदावर काय उतरलं, हे ताडून बघा. दिवाणखान्यात मांडलेलं पूर्वजांचं रिकामं चिलखतही सुरुवातीपासून नजरेत ठेवा.

कोबायाशी स्वतः दुसऱ्या महायुद्धात सैनिक होता आणि साध्या शिपायावरची बढती त्याने नाकारली होती. हुकूम देणाऱ्यांबद्दलचा त्याचा राग उसना नाही. नातवंड असलेल्या माणसाचं काम करणारा तात्सुया नाकादाई तेव्हा तिशीच्याही आतला होता, हे आवाज ऐकून पटत नाही. तोरू ताकेमित्सूचं संगीत बिवा या तंतुवाद्यावर उभं आहे आणि बराच वेळ ते गप्पच असतं. १९६३ मध्ये कान चित्रपट महोत्सवात याला ज्यूरीचं विशेष पारितोषिक मिळालं. चौकट २.३५:१ अशी रुंद आहे आणि माणसांमधली अंतरं हीच तिची भाषा आहे, त्यामुळे फोनवर पाहू नका. मधे थांबवूही नका. फ्लॅशबॅकचा धागा तुटला तर मधला भाग संथ वाटायला लागतो आणि बरेच जण नेमके तिथेच सोडून देतात.

ताकाशी मीकेने २०११ मध्ये तीच कथा पुन्हा केली, रंगीत आणि थ्रीडीत. कानच्या स्पर्धा विभागात उतरलेला तो पहिला थ्रीडी सिनेमा. काबुकी नट एबिझो इचिकावा हानशिरो आहे, कोजी याकुशो कारभारी, संगीत रयुइची साकामोतोचं. मीकेचं मन घरात जास्त रमतं: आजारी बाळ, उपाशी बायको, गळणारं छप्पर. ज्यांना कोबायाशीचा कोरडेपणा झेपत नाही, त्यांना हा जवळचा वाटेल. पण बांबूच्या पात्याच्या प्रसंगात तो यातनेजवळ फार वेळ थांबतो आणि बघ्यांचे चेहरे मागे पडतात, हा आमचा मुख्य आक्षेप. शेवटच्या झुंजीत हानशिरोच्या हातीही बांबूचंच पातं दिलंय. दिसायला सुरेख, पण १९६२ ची झुंज थकलेली आणि घाणेरडी आहे, म्हणून ती खरी वाटते. दोन्ही पाहायचे असतील तर आधी १९६२ चा आणि मग काही दिवस जाऊ द्या. उलट क्रमाने पाहिलं तर जुन्यातली रहस्यं वाया जातात. मीकेचा साध्या, थ्रीडीविरहित प्रतीतच पाहा. त्यातल्या अंधाऱ्या खोल्या चष्म्यातून आणखी काळवंडतात.

जपानी कादंबरीकार युकिओ मिशिमाचा ‘युकोकू’ (१९६६) जेमतेम अर्ध्या तासाचा आहे, पण तो शेवटी ठेवा. काहींनी तर पाहूच नये. १९३६ च्या फेब्रुवारीतल्या लष्करी बंडानंतर आपल्याच मित्रांवर चालून जायची वेळ आलेला एक लेफ्टनंट आणि त्याची पत्नी, त्यांची शेवटची रात्र. नोह या पारंपरिक जपानी नाटकाचा रिकामा मंच, संवाद नाहीत, मागे वाग्नरचं संगीत. लेखक, दिग्दर्शक आणि नायक मिशिमाच. २५ नोव्हेंबर १९७० ला त्याने खरोखर सेप्पुकू केलं, त्यानंतर त्याच्या पत्नीने या सिनेमाच्या प्रती नष्ट करायला लावल्या. मूळ निगेटिव्ह २००५ मध्ये सापडली.

इथे परवानगी देणारा नाही, काइशाकु नाही, नोंद करणारा नाही. वर म्हटलेले तिघेही गायब आहेत, म्हणूनच मरण इतकं सुंदर दिसू शकतं. नवऱ्यामागून जाणारी पत्नी पाहताना मराठी प्रेक्षकाला थेऊरला सती गेलेल्या रमाबाई आठवतील, आणि आठवाव्यातच. तीच भक्तीची नजर, आणि बाईला दुसरा रस्ता होता का, हा प्रश्न न विचारण्याची तीच सवय. कारागिरी म्हणून ‘युकोकू’ अव्वल आहे, पण त्याचा मोह खरा आणि धोक्याचा आहे. मन खचलेलं असताना तो लावू नका. जीव द्यायचे विचार स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात घोळत असतील तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास चालू असतो.

मालिका हवी असेल तर ‘शोगुन’, आणि दोन्हींत २०२४ चीच. दहा भाग, बहुतांश संवाद जपानीत, पहिल्याच पर्वाला १८ एमी पुरस्कार. विधीमागचं राजकारण इथे सगळ्यांत नीट समजतं. पहिल्या भागात एक सामुराई सभेत नको तिथे तोंड उघडतो आणि त्याची किंमत त्याच्या तान्ह्या मुलालाही मोजावी लागते. तो वध पडद्यावर दाखवलेला नाही, आईच्या हातातून मूल जाताना दिसतं तेवढंच. आठव्या भागात म्हातारा हिरोमात्सु विधीला बसतो आणि त्याचा मुलगाच काइशाकु असतो. तेव्हा त्याचा धनी, सरदार तोरानागा, याच्या चेहऱ्याकडे बघा. दहावा भाग संपला की तो प्रसंग परत लावा, अर्थ बदललेला असेल. नवव्या भागातली मारिको ख्रिस्ती आहे. स्वतःचा जीव घेणं तिच्या धर्मात पाप, म्हणून काइशाकु कोण होणार यावर सगळा ताण टांगलेला राहतो. हे पात्र बेतलंय होसोकावा ग्रासियावर. १६०० साली ओसाकात ती ओलीस धरली जायची वेळ आली, तेव्हा याच कारणाने तिचा जीव तिच्या सेवकाने घेतला.

१९८० ची ‘शोगुन’ अमेरिकेत पाच रात्री दाखवली गेली, एकूण नऊ तासांच्या आसपास. तिच्यातल्या जपानी संवादांना उपशीर्षकं नव्हती, त्यामुळे आपणही इंग्रज खलाशी ब्लॅकथॉर्नइतकेच गोंधळतो. तोशिरो मिफुनेसाठी ती पाहावी. पण फरक एका प्रसंगात दिसतो. गावकऱ्यांना वाचवायला ब्लॅकथॉर्न स्वतः सेप्पुकूला बसतो. जुन्या मालिकेत हे मधेच येतं, ओमी नावाचा सामुराई त्याला अडवतो आणि परका माणूस परीक्षेत उतरला असा सूर लागतो. नव्या मालिकेत ते शेवटच्या भागात, तोरानागासमोर येतं आणि तोरानागाच हात धरतो. तिथे परीक्षा त्याची नसून, माणसांच्या जिवाचा हिशेब मांडणाऱ्या तोरानागाची आहे.

रक्त अजिबात नको, पण विषय खोलात हवा, अशांसाठी केंजी मिझोगुचीचा ‘गेनरोकू चुशिन्गुरा’ (१९४१-४२) आहे. दोन भाग मिळून चार तास, संथ, लांबच लांब चालणारे शॉट. हा युद्धकाळात निष्ठेचा धडा म्हणून काढला गेला, हे विसरू नका. ४७ रोनिनांची, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंची, ही कथा. १७०१ साली त्यांच्या धन्याला एदोच्या किल्ल्यात तलवार उपसल्याबद्दल त्याच दिवशी सेप्पुकूची शिक्षा झाली होती. त्याचा सूड घ्यायला रोनिनांनी केलेल्या ज्या हल्ल्यासाठी लोक ही कथा पाहतात, तो हल्लाच मिझोगुचीने दाखवलेला नाही. धन्याची विधवा पत्रातून तो ऐकते. शेवटी सेप्पुकूसाठी रोनिनांची नावं एकेक करून पुकारली जातात, माणूस उठून आत जातो, आपण बाहेरच राहतो आणि पुढचं नाव येतं. त्यांचा म्होरक्या ओइशी मागे बसून प्रत्येक नाव ऐकत असतो.