शर्यत थेट बघावी की सोमवारी निकाल वाचावा?

युरोपातली फॉर्म्युला वन शर्यत उन्हाळ्यात आपल्याकडे बहुतेकदा रविवारी संध्याकाळी ६.३० ला सुरू होते. सोलापुरात ही वेळ घरच्यांबरोबर सिद्धेश्वर तलावाकडे फेरी मारायची. सोमवारी चहाबरोबर निकाल वाचणं सोपं; पाच मिनिटांत गुणतक्ता कळतो. ड्रायव्हरांच्या बातम्यांना तर वाचनच बरं. लुईस हॅमिल्टन फेरारी संघात जाणार हे १ फेब्रुवारी २०२४ ला, हंगाम सुरू होण्याआधीच जाहीर झालं होतं.

पण २०२४ ची बेल्जियमची शर्यत आठवा. जॉर्ज रसेल या ड्रायव्हरने एकदाच टायर बदलले आणि झिजलेल्या टायरांवर, मागे हॅमिल्टन चिकटलेला असताना, पहिला नंबर काढला. नंतर गाडी ७९८ किलोच्या किमान वजनाला दीड किलो कमी भरली, रसेल बाद झाला आणि विजय हॅमिल्टनला मिळाला. सोमवारी वाचणाऱ्याला अचूक निकाल मिळाला, हे खरं. पण तक्त्यात रसेलच्या नावापुढे फक्त ‘बाद’. त्या शेवटच्या फेऱ्यांत त्याने गाडी कशी सांभाळली, ते थेट बघणाऱ्यालाच ठाऊक. मी थेटच बघतो. तलावाची फेरी आम्ही सकाळी उरकतो.