लेसरनंतर रात्रीचे दिवे: लेसिक, स्माईल, पीआरके की आयसीएल?

धुळे-सुरत महामार्गावर समोरच्या ट्रकचा अप्पर डोळ्यांत आला की नंबर घालवायला डोळ्यांचं लेसर केलेल्या काहींना दिव्याभोवती कडं दिसतं, काहींना दिव्यातून किरणं फुटलेली दिसतात, काहींना पाटीवरच्या अक्षरांना सावली दिसते. चष्मा काढायच्या पद्धतींपैकी लेसिक, स्माईल आणि पीआरके या लेसरच्या, तर आयसीएल म्हणजे डोळ्यात बसवायची लेन्स. चष्मा काढायचा ठरवताय तर आधी हा हिशेब मांडा. पॅकेजची किंमत त्यानंतर.

रात्रीच्या त्रासाचं मूळ बाहुलीत आहे. लेसरने कॉर्नियाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) मधला साधारण 6 ते 6.5 मिमीचा भाग घासून नंबर काढतात. अंधारात बाहुली 7 मिमी झाली तर न घासलेल्या कडेतूनही प्रकाश आत शिरतो आणि दिवा पसरतो. मग घासायचा भाग सरसकट मोठा का करत नाहीत? कारण जाडी पुरत नाही. 6 मिमीसाठी दर नंबरामागे सुमारे 12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) जातात, 6.5 मिमीसाठी सुमारे 14. समजा कॉर्निया 480 मायक्रॉनचा आहे आणि नंबर उणे 8. लेसिकच्या फ्लॅपचे (कापून उचलायच्या वरच्या पापुद्र्याचे) 110 आणि घासण्याचे 112 वजा केले की खाली 258 उरतात. किमान 250 हवेत आणि बरेच सर्जन 300 सोडतात. अशा डोळ्यात भाग लहान करून नंबर बसवला तर दिवसा झकास दिसेल, पण रात्री कडं दिसेल. नंबर मोठा, बाहुली मोठी आणि कॉर्निया पातळ असं तिन्ही एकत्र असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: लेसिकचा हट्ट सोडा.

अशांना आयसीएल बरी. ही लेन्स डोळ्याच्या आत, बाहुलीमागे बसते आणि कॉर्निया जवळपास तसाच राहतो. तिच्या मध्यावर 0.36 मिमीचं भोक असतं, त्यामुळे सुरुवातीला दिव्यांभोवती बारीक वर्तुळं दिसू शकतात. बहुतेकांची काही महिन्यांत विरतात. लेन्स काढताही येते. पण हे डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे. बाहुलीपुढे सुमारे 2.8 ते 3 मिमी जागा लागते, खर्च जास्त येतो, आणि डोळ्याचा दाब व मोतीबिंदू यांवर दरवर्षी लक्ष ठेवावं लागतं.

नंबर उणे 2 ते 5 आणि कॉर्निया जाड असेल तर लेसिक आणि स्माईल दोन्ही चालतात. लेसिकला दुसऱ्या दिवशीच लख्ख दिसतं. स्माईलला नजर स्थिरावायला काही दिवस जास्त लागतात. मात्र लेसिकचा फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसा जास्त तुटतात. स्माईलमध्ये फ्लॅप न उचलता 2 ते 4 मिमीच्याच कापातून कॉर्नियातली पातळ चकती काढतात, त्यामुळे कोरडेपणा कमी होतो. जळगावच्या सराफ बाजारात भिंगाखाली काम करणाऱ्या कारिगराची पापणी आधीच कमी लवते, त्याने स्माईलचा विचार आधी करावा. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर मात्र लेसिक, कारण त्यात डोळ्याची हालचाल आणि फिरणं यंत्र स्वतः टिपतं. स्माईलच्या जुन्या यंत्रांत ते जमत नाही.

पीआरकेमध्ये वरची पातळ कातडी काढून लेसर मारतात, धक्क्याने सरकायला फ्लॅपच नसतो, त्यामुळे कुस्ती खेळणाऱ्याला तीच योग्य. वरची कातडी भरेपर्यंत 3 ते 5 दिवस दुखतं, पाणी येतं, पट्टीची लेन्स लावलेली असते. नजर बसायला आठवडे, कधी महिने लागतात. धूसर डाग (हेझ) येऊ नये म्हणून ड्रॉप सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करायचे आणि उन्हात काळा चष्मा चुकवायचा नाही. म्हणून आखाजीच्या तोंडावर, भुसावळचा पारा 45 च्या घरात आणि शेतात धूळ असताना पीआरके करू नका. हिवाळा बघा.

अमेरिकेच्या एफडीएच्या (औषध नियामक संस्थेच्या) लेसिक अभ्यासात, आधी असा त्रास नसलेल्यांपैकी जवळपास 45 टक्क्यांना 3 महिन्यांनी कडं, किरणं, चकाकी यांपैकी काहीतरी नव्याने दिसत होतं. पण त्यामुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे 1 टक्क्याहून कमी होते. उलट, चष्म्यातही त्रास असलेल्या कित्येकांचा तो गेला. तेव्हा ऑपरेशनआधी रात्री, चष्म्यासकट, रस्त्यावरच्या दिव्याभोवती आत्ताच कडं दिसतं का ते पाहून लिहून ठेवा.

तपासणीला जाण्याआधी मऊ लेन्स 2 आठवडे, कडक लेन्स 3 ते 4 आठवडे बंद. कागदावर चार आकडे मागून घ्या: अंधारातली बाहुली, कॉर्नियाची जाडी, घासायच्या भागाचा व्यास, आणि खाली उरणारे मायक्रॉन. टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात) खालची बाजू टोकदार दिसली तर लेसरच नको. आणि ऑपरेशननंतर दिवे स्थिरावेपर्यंत चाळीसगावचा कन्नड घाट रात्री स्वतः चालवू नका.