स्वतःची गाणी की बँडची तारीख?

नोकरी सांभाळून पुण्यात गिटार वाजवणाऱ्याच्या हाताशी महिन्याला आठ-दहा संध्याकाळी उरतात. त्यातल्या बँडला किती आणि स्वतःच्या गाण्यांना किती द्यायच्या, या पेचात असाल तर हा हिशेब तुमच्यासाठी. नऊ वर्षं मी एका बँडमध्ये बेस वाजवतोय आणि तेवढीच वर्षं स्वतःची मराठी गाणीही लिहितोय. गाण्यांचं काम वाजवण्याच्या निम्मंसुद्धा झालेलं नाही.

कारण बँडला तारीख असते. शनिवारी गिग, म्हणजे कार्यक्रम असला की गुरुवारी जॅमरूमला, म्हणजे सरावाच्या भाड्याच्या खोलीत जावंच लागतं. भाडं चौघांनी भरलेलं असतं आणि ड्रमर चिंचवडहून सगळा ट्रॅफिक तुडवत आलेला असतो. गाण्याचं तसं नाही. अंतऱ्याची दुसरी ओळ मार्चमध्ये अडली तर जूनमध्येही तिथेच अडलेली असते आणि ‘काय झालं तिचं?’ असं विचारायला कोणाचा फोन येत नाही.

हात तयार व्हायचा तर बँडच हवा, यात मला शंका नाही. एकट्यानं गाताना श्वासासाठी आपण कुठेतरी अर्धी मात्रा खातो, ते कळतही नाही. मागे ड्रमर बसला की पहिल्याच ओळीत उघडं पडतं. शब्दांच्या बाबतीत मात्र उलटं. बँडमध्ये शब्द सगळ्यांत शेवटी येतात. आजोळच्या वाड्याच्या वाटणीवरचं माझं एक संथ गाणं मी जॅमला नेलं. ‘जरा उचलूया’ म्हणत म्हणत दोन महिन्यांत त्याची नाचायची चीज झाली. लोकांना आवडली. पण वाटणीची ओळ झांजांच्या आवाजात गेली ती गेलीच.

पैशांचं थोडक्यात: बँडच्या सुपारीचं मानधन गाडीभाडं वजा जाऊन चौघांत वाटलं जातं, तरी हातात काहीतरी पडतं. एकट्याचं मानधन कमी, पण वाटेकरी नाहीत आणि एक माइक आणि गिटार साउंड सिस्टिमला जोडणारा एक डीआय बॉक्स एवढ्यावर साउंडचेक उरकतो. स्ट्रीमिंगवर मात्र भिस्त ठेवू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून, मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीमसुद्धा न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही.

खरी मेख मालकीत आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीत या दोन वेगळ्या कृती आहेत. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि ती नोटेशनमध्ये लिहिलेली असलीच पाहिजे अशी अट नाही. घरी एकट्यानं रचलेलं गाणं त्यामुळे निर्विवाद तुमचं. जॅमरूममध्ये चौघांनी मिळून अशी बांधलेली चाल, की कोणाचा वाटा कुठला ते वेगळं काढता येत नाही, ती संयुक्त कृती ठरू शकते. तुमच्याच चालीवर कोणी भन्नाट बेसलाइन रचली तर तो संगीतकार की वादक? या प्रश्नावर बँड फुटलेले मी पाहिलेत. रॉयल्टी गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची. तिथे नोंद होते ती रचनेची, वाजवण्याची नाही. म्हणून जॅमच्या रात्रीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टक्केवारी लिहून सगळ्यांचा होकार घ्यावा. तेव्हा हसतात, नंतर दुवा देतात.

दोन्ही डगरींवर पाय ठेवणारे मोठ्या बँडांतही सापडतात. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चे संस्थापक गिटारवादक सुश्मित सेन २०१३मध्ये बँड सोडून स्वतःच्या संगीताकडे वळले. त्याच बँडचे बेसवादक-गायक राहुल राम बँडमध्ये राहिले आणि वरुण ग्रोवर, संजय राजौरा यांच्यासोबत ‘ऐसी तैसी डेमोक्रसी’चे उपहासाचे प्रयोगही करत राहिले. दुसरी वाट मला जास्त जमणारी वाटते, कारण तिथे दोन कामं एकमेकांचा माल पळवत नाहीत.

तेव्हा वहीत पाच गाणीही पुरी नसतील तर बँड धरा, आणि शक्यतो दुसऱ्याच्या गाण्यांचा: हात तयार होतील, तुमच्या ओळी शाबूत राहतील. दहा-बारा पुरी असतील तर वर्षभर बँडच्या तारखा निम्म्या करा. मित्र रुसतील, ते धरूनच चाला. दोन बँड आणि वर सोलो असं करू नका. मी केलंय, त्या वर्षी एकही गाणं झालं नाही.

सध्या मी दर दोन महिन्यांनी एका ओपन माइकला, म्हणजे कोणालाही नाव देऊन गाता येतं अशा कार्यक्रमाला नाव देतो, नवीन गाणं तयार असो-नसो. आणि बँडला सांगून ठेवलंय की मंगळवारी माझी दुसरीकडे सुपारी असते. कुठे, ते त्यांनी अजून विचारलेलं नाही.